महाडात न मिळणाऱ्या गोळ्या

दादा, तुझ्या पुण्यानुमोदनाला भात खाली लागला. मोठ्या टोपातला, सगळ्या वाडीला पुरेल एवढा. करपल्याचा वास मांडवभर फिरला, पण पंगतीतलं एकही माणूस काही बोललं नाही. चुलीपाशी उभं राहून ज्यानं त्या आचाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता, तो हार घालून फोटोत बसला होता. वहिनी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हे असते तर आज कुनीतरी मार खाल्ला असता." आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो. लोकांना वाटलं रडतायत. तेही काही खोटं नव्हतं.

मग भाषणं झाली. तू केव्हा जन्मलास, कुठल्या कुठल्या मंडळात होतास, किती लग्नांचा स्वैपाक केलास, हे सगळं लोकांनी सांगितलं. मलाही दोन शब्द बोल म्हणाले. मास्तरीण ना मी, मला फळ्यापुढं उभं केलं की तोंड आपोआप सुटतं. पण उभी राहिले आणि हात जोडून खाली बसले. माणसांना तुझ्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. जे होतं ते तुलाच सांगण्यासारखं होतं, म्हणून आज, सगळं पार पडल्यावर, हे लिहायला बसले.

आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. शिवाय एक बातमी आहे, आणि ती न कळताच तू गेलास याचं मला फार वाईट वाटतं. पण बातमी शेवटी. तू मला उभ्या जन्मात कुठलीही गोष्ट पहिल्या दमात सांगू दिली नाहीस, मग आज मी का घाई करू?

तुझं पोट आधीपासूनच आगीचं. मी महाडला शिकत होते तेव्हापासून बघते आहे. शिकत होते म्हणजे तू शिकवत होतास. तुझ्या आचारीपणावर मी मास्तरीण झाले, हे मी पोलादपूरच्या शाळेत दर वर्षी नव्या पोरांना सांगते आणि पोरं विचारतात, बाई, मग तुम्हाला स्वैपाक येतो का. नाही येत. घरात तू असताना आम्हा बायकांना चुलीजवळ कोण फिरकू देत होतं?

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारपासून तू चुलीपाशी उभा. रशाचा थेंब तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा, डोळे मिटायचे. मग मीठ. मग पुन्हा थेंब. डाळीचा, वाटाण्याच्या आमटीचा, हळदीच्या मटणाचा. दिवसभरात पोटात जायचं ते एवढंच, तिखटाचे थेंब आणि वर काळा चहा. आचाऱ्यानं शेवटच्या पंगतीनंतर जेवायचं, हा तुझा नेम. शेवटची पंगत उठेपर्यंत तुझी भूक मेलेली असायची. खाण्याचा सोडा पाण्यात ढवळून तू घटाघटा प्यायचास, एक मोठी ढेकर द्यायचास आणि म्हणायचास, जेवण झालं.

आई म्हणायची, चुलीपाशी राहणाऱ्याचं पोट वासानंच भरतं. तिचं ऐकून वहिनी म्हणायला लागली. मग मी. मग तुझ्या हाताखालची माणसं. आपल्याकडे ती जणू म्हणच झाली होती, आणि तुलाही ती आवडायची. आज मला तिचा राग येतो. आईचा नाही येत, तिला काय ठाऊक होतं.

आता तुझ्या पोराचं, वसंताचं. हे लिहिताना तू रागावशील, पण आता तुझ्या रागाला कोण भीक घालतं. वसंता फिटरचं शिकून आला, तेव्हा तुला वाटलं होतं की एखादी लग्नसराई तरी तो तुझ्याबरोबर काढील, ओगराळं हातात धरील. तो नाही म्हणाला. नुसतं नाही म्हणाला असता तरी तू गप्प बसला असतास. पण तुझं रक्त त्याच्या अंगात, त्याला नुसतं नाही म्हणता येतं कुठं.

"लोकांची उष्टी काढायचं काम हाय ते," तो म्हणाला. "मला नाय जमायचं."

तू आयुष्यात कुणाच्या मांडवातून उरलेला भाताचा कणसुद्धा घरी आणला नव्हतास. आपल्या आज्यांनी काय काय उचलून आणून खाल्लं ते ऐकत आपण वाढलो, आणि त्यावरच तर तुझा सगळा ताठा उभा होता. मी दारात उभी होते. तुझा चेहरा मी पाहिला. तू आवाज चढवला नाहीस, हेच वाईट झालं. "मग या घरचं पन जेवू नको," एवढंच म्हणालास, आणि तो सकाळच्या एसटीनं मुंबईला गेला.

दोन पावसाळे तो फिरकला नाही. वहिनीनं कुणाकुणाच्या हाती चटणी, सुकट पाठवली. तू विचारायचास, कुणाकडं चाललंय हे, आणि वहिनी म्हणायची, शेजारच्यांकडं. तुला कळत होतं. तू तिला चटणीत मीठ वाढवायला सांगायचास.

मग त्या वैशाखात तू भरल्या मांडवात टोपाशेजारी खाली बसलास. ओकलास. दुसऱ्या दिवशी मी तुला दंडाला धरून महाडच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, सोड्याचं ऐकून कपाळाला हात लावला आणि सांगितलं की एक नवी गोळी आली आहे. पोटातलं आम्ल मारत बसत नाही, ते तयारच कमी करते. दीड-दोन महिने घ्या, मग मुंबईला जाऊन दुर्बीण घालून पोट आतून बघून घ्या. गोळी महाडात मिळत नव्हती. मुंबईहून आणायची होती.

मुंबईत आपलं होतं कोण? मी वसंताला कार्ड टाकलं. तुझ्या बाला बरं नाही, सोबत नाव लिहिलंय त्या गोळ्या घेऊन ये, एवढंच.

तो शनिवारी संध्याकाळी आला. ओट्यावर उभा राहून त्यानं कागदी पिशवी वहिनीच्या हातात दिली. तू त्याच्याकडे बघितलं नाहीस. पायात वहाणा घातल्यास आणि बाहेर पडलास. वहिनीचं तोंड पांढरं पडलं. आम्हाला वाटलं, गेला आता हा, रात्री उशिरा येणार. तू थोड्याच वेळात परत आलास, आणि तुझ्या हातात कोंबडी होती.

त्या रात्री तो या घरचं जेवला. तू वाढलंस. कुणीही कुणाची माफी मागितली नाही. त्या वाक्याचं नाव नंतर कधी कुणी काढलं नाही.

आणि गोळी लागू पडली. हे मी मान्य करते, दादा, अगदी मनापासून करते. पंधरा दिवसांत तू म्हणालास, सुले, आग इझली गो. वीस वर्षांत पहिल्यांदा मी तुला ताटावर बसून मिरचीचा ठेचा भाकरीबरोबर खाताना पाहिलं. तू शीळ घालत टोप घासायला लागलास. ज्यानं कुणी ती गोळी शोधून काढली त्याला मी त्या दिवसांत किती दुवा दिला, ते तुला माहीत आहे.

दोन महिने संपले. डॉक्टरांनी दुर्बिणीचं विचारलं. लग्नसराई होऊ द्या, म्हणालास. मग पावसाळा होऊ द्या. मग भात झोडून होऊ दे. शेवटी डॉक्टर वैतागले. त्यांचं बोलणं मला शब्दन्‌शब्द आठवतं, कारण मी शेजारच्या स्टुलावर बसले होते. ते म्हणाले, "या गोळीनं तुमचं दुखणं थांबलंय. पण ते दुखणं कशाचं होतं, हे मला अजून कळलेलं नाही. ते कळेपर्यंत मी पुढं लिहून देणार नाही."

तू हात जोडलेस, बाहेर आलास आणि त्या पायरीवर पुन्हा कधी चढला नाहीस. जुनी चिठ्ठी होतीच वसंताकडे. मुंबईच्या दुकानात ती दाखवली की गोळ्या मिळायच्या. तिथं कोण विचारतंय.

तर दर महिन्याला एका शनिवारी वसंता यायचा आणि रविवारी दुपारच्या गाडीनं जायचा. तुमचं बोलणं चार वाक्यांचं. गाडी लेट होती काय. व्हय. गोळ्या आनल्या काय. व्हय. बाकीचं सगळं तू ताटातून बोलायचास. त्याला आवडते म्हणून तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची आमटी, त्याला आवडतात म्हणून तांदळाचे वडे. तो गेल्यावर दोन दिवस तू फार चांगला असायचास. मी मुद्दाम रविवारी संध्याकाळी यायची, कारण त्या दिवशी तू मला टोचून बोलायचा नाहीस.

मग एकदा मी महाडच्या बाजारात खोकल्याचं औषध घ्यायला गेले आणि काचेच्या कपाटात तीच पट्टी दिसली. तेच नाव, तोच रंग. किती दिवसांपासून ठेवताय, विचारलं, तर दुकानदार म्हणाला, झाली की बाई दोन वर्षं. मी आनंदानं घरी आले. म्हटलं, दादा, आता पोराला कशाला खेपा घालायला लावतोस, तो बिचारा ड्युटी सांभाळून येतो, डेपोपासून चार पावलांवर मिळतात गोळ्या. तू माझ्यावर असा खेकसलास की मी चपापले. इथलं औषध जुनं असतं, म्हणालास. मुंबईचंच पायजे. आणि मला निक्षून सांगितलंस की हे घरात बोलायचं नाही.

मी काय समजावं? मला वाटलं, म्हातारपणी माणसाला मुंबईचं वेड लागलं. वर्षभर मी तुला मुंबईवाले म्हणून हाक मारत होते आणि तू ते मुकाट ऐकून घेत होतास. तू आणि मुकाट. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

तळ्यावर मार्चात सत्याग्रहाच्या दिवसाला माणसं येतात तेव्हा बाहेरगावच्यांना जेवू घालायचा तुझा नेम होता. त्या वर्षीही टोप चढले. शेवटची पंगत उठल्यावर वहिनीनं तुझं ताट वाढलं. तू दोन घास खाल्लेस आणि ताट सरकवलंस. भरलं, म्हणालास. मी म्हटलं, वासानं भरलं वाटतं. सगळे हसले. तू सगळ्यांत जास्त हसलास.

नंतर डॉक्टरांनी मला सांगितलं की दोन घासांत पोट भरणं ही त्या दुखण्याची खूण असते. दुसऱ्या कुणाच्या घरात माणूस दोन घासांवर उठला असता, तर बायकोनं विचारलं असतं, बरं नाही का. आपल्या घरात म्हण होती ना. त्या म्हणीनं आपण कितीतरी महिने खूश होतो. आचारी जेवत नाही, यात काय नवल.

मग सव, ते गरम पाण्याच्या कुंडाचं गाव. तुझ्या कमरेला नि गुडघ्यांना सवच्या गरम पाण्याचा गुण येतो अशी तुझी श्रद्धा, आणि त्यावरूनही आपण भांडायचो. हिवाळ्यातली सकाळ होती, पाण्यावर वाफ होती. मी काठावर पाय सोडून बसले. तू सदरा काढलास, मग बनियन. आणि मी तुझी पाठ पाहिली. एकेक मणका दिसत होता. खांद्याची हाडं वर आली होती. सदऱ्याच्या आत तू किती संपला होतास, हे तोवर कुणी पाहिलंच नव्हतं.

मी म्हटलं, उद्या डॉक्टर. तू म्हणालास, लग्नसराई झाल्यावर. मी म्हटलं, दुर्बीण. तू म्हणालास, दुखत नाय तर बगायचं काय? मी म्हटलं, ती गोळी दुखू देत नाही म्हणून दुखत नाही. म्हंजे काम करते ना, म्हणालास, आणि हसायला लागलास. मला इतका राग आला की मी उठून चालू लागणार होते. म्हटलं, पंधरा दिवस ती गोळी बंद कर, मग बघू दुखतं की नाही. एवढं तरी कर.

तू पाण्यात हात हलवत होतास. मग माझ्याकडे न बघता बोललास.

"गोळी सुटली तर तो येल कशाला, सुले?"

मला आधी कळलंच नाही.

"महाडात मिळतात ते मला ठावं हाय. तुज्या आदीपासनं ठावं हाय. त्याला तेवढं सांगू नको. माजी आन हाय तुला."

   तुझे कपडे हातात घेऊन मी तशीच बसून राहिले, आणि तू आपला गुडघे चोळत होतास.

पुढचं फार नाही. मी हट्टानं तुला मुंबईला नेलं. दुर्बीण घातली, गाठ निघाली. मोठी होती आणि पोटाच्या बाहेरही गेली होती. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, या गोळ्या किती दिवस घेताय? वसंता पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. तू त्याच्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, दोन-चार म्हयनं झाले असतील. इतकी वर्षं दर महिन्याला ज्यानं आणल्या, त्याच्यासमोर. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. वसंता खाली बघत होता.

शेवटचे महिने तू घरी काढलेस. जेवण जातच नव्हतं. पेजेचं पाणी तेवढं. पण स्वैपाकघरात फोडणी पडली की तू आतून ओरडायचास, मोहरी जळली. मीठ घातलं नाय अजून. वासावरून तुला मीठ कसं कळायचं, देव जाणे, म्हणजे आपण देव मानत नाही, पण कुणीतरी जाणत असेल. वहिनी ताट घेऊन तुझ्याजवळ बसायची आणि तू नुसता वास घ्यायचास. त्या दिवसांत आईची म्हण खरी झाली.

आपलं भांडण तेव्हाचंच. मी म्हणायची, ती गोळी घेत बसला नसतास तर दुखलं असतं, दुखलं असतं तर धावला असतास, धावला असतास तर गाठ लहान असताना सापडली असती. तू म्हणायचास, "घेतली नसती तर इतकी वर्सं चुलीपाशी उभा ऱ्हायलो नसतो. आन..." तो 'आन' तू कधी पुरा केला नाहीस, कारण वसंता घरातच असायचा. नोकरीवर बिनपगारी रजा टाकून तो तुझ्या उशाशी बसला होता, आणि आता तो गोळ्यांसाठी आलेला नव्हता. हे तरी तुझ्या लक्षात आलं होतं का? मला विचारायचं होतं. राहिलं.

तू गेल्यावर वाडीत दोन पक्ष पडले. निम्मे म्हणतात, गोळीनंच मारला आचाऱ्याला, विष होतं ते. उरलेले निम्मे वहिनीला येऊन विचारतात, उरल्यात का दोन-चार, पोटात फार जळजळतं. मी दोघांनाही सांगते, डॉक्टरांकडे जा. कुणी जात नाही.

पण वसंता मात्र पहिल्या पक्षात गेला, दादा. त्याच्या कारखान्यातल्या कुणीतरी त्याला सांगितलं की पोटातलं आम्ल बंद करणारी औषधं उंदरांना जन्मभर घातली, तर त्यांच्या पोटात गाठी झाल्या. झालं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मुंबईला परत जायचं नाव घेईना. वहिनी मला पोलादपूरहून बोलावून आणायला माणूस पाठवते म्हणजे काय समज. मी आले तेव्हा तो मागच्या अंगणात लाकडं फोडत होता. घरात ढीगभर फोडलेली असताना फोडत होता. माझ्याकडे वळून म्हणाला, "आत्या, मीच घातल्या बाला. दर म्हयन्याला, या हातानं आनून." आणि परत कुऱ्हाड उचलली. त्याचे गाल तुझ्यासारखे आत गेले होते.

मी तशीच महाडला गेले. तेच डॉक्टर, त्यांचेही केस आता पांढरे झालेत. मी विचारलं, खरं सांगा, गोळीनं गाठ झाली का? त्यांनी मला बसवलं आणि सावकाश सांगितलं. उंदरांचं त्यांनीही वाचलं होतं. ती औषधं वेगळी, जास्त जोरकस. उंदीर वेगळा, माणूस वेगळा. माणसांत तसं होतं असं कुणी दाखवलेलं नाही, पण माणसं ही औषधं घ्यायला लागून वर्षं तरी किती झाली? मग म्हणाले, "बाई, गोळीनं गाठ केली असं मी म्हणणार नाही. केलीच नाही असं शपथेवरही सांगणार नाही. तिनं दुखणं झोपवलं, एवढं मात्र नक्की. गाठ तिच्या आधीचीही असू शकते."

मला दुसरं काहीतरी हवं होतं. नाही, असा एक शब्द हवा होता, घरी न्यायला. पण ते खोटं बोलले नाहीत, आणि मीही बोलले नाही. वसंताला जसंच्या तसं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, म्हंजे असंल पन. बस, तेवढंच त्यानं त्यातून उचललं.

तेव्हा मी तुझी आण मोडली.

तुला राग येणार. येऊ दे. तू मेलास, दादा, आणि तो जिवंत आहे, आणि तो जेवत नव्हता. मी त्याच्या हातातून कुऱ्हाड घेतली, त्याला ओंडक्यावर बसवलं आणि सवचं सगळं सांगितलं. म्हटलं, महाडात गोळ्या मिळत होत्या. तुझ्या बाला ते माहीत होतं. डॉक्टर बंद करा म्हणाले होते. त्यानं बंद केल्या नाहीत, कारण बंद केल्या तर तू येणार नाहीस असं त्याला वाटत होतं. तू घातल्या नाहीस, त्यानं घेतल्या. आणि तुझ्यासाठी घेतल्या. हे शेवटचं बोलताना मला भीती वाटली की आता हा पुरता कोसळेल. पण अर्धं सांगून भागणार नव्हतं.

त्यानं मान खाली घातली. मग त्याच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडतोय. रडत होताच, पण हसतही होता.

"आत्या," तो म्हणाला, "मी महाडातनंच घ्यायचो."

ऐकतोयस ना, दादा? ही ती बातमी.

एका शनिवारी मुंबईचं दुकान बंद होतं. रिकाम्या हातानं यायचं कसं म्हणून तो महाड डेपोवर उतरल्यावर बाजारात शिरला, आणि तिथं गोळ्या मिळाल्या. पुढच्या खेपेपासून तिथूनच. मुंबईच्या दुकानाची एक कागदी पिशवी त्यानं घडी घालून खिशात ठेवली होती. महाडला गोळ्या घ्यायच्या, त्या पिशवीत घालायच्या आणि वाडीत यायचं. पिशवी फाटली की मुंबईला जाऊन त्या दुकानातून काहीतरी किरकोळ घ्यायचं आणि नवी पिशवी मिळवायची. इतकी वर्षं. मी विचारलं, मेल्या, सांगितलं का नाहीस? तो नाक पुसत म्हणाला, "सांगितलं असतं तर बा म्हनला असता, मग कशाला येतोस?"

तू मुंबईचंच पायजे म्हणून माझ्यावर खेकसत होतास, दादा, आणि खात होतास महाडातल्या. मी तुम्हा दोघांना काय म्हणू. मी त्याच्याजवळ त्या ओंडक्यावर बसले. हसू ओसरल्यावर मला तुमचा दोघांचाही इतका राग आला की सांगता येत नाही. एक शब्द. कुणीही एकानं बोलला असता तर दुसऱ्याचं सगळं सुटलं असतं, आणि तुझं पोट दोन वर्षं आधी कुणीतरी आतून बघितलं असतं. कदाचित तू वाचला नसतास. डॉक्टर म्हणतात तसं, शपथेवर काही सांगता येत नाही. पण बघितलं तरी असतं.

राग आहे, तसा आनंदही आहे. तो मला लपवता येत नाही. तुला मरेपर्यंत वाटत होतं की पोरगा गोळ्या पोचवायला येतो. नाही रे. गोळ्यांचं त्यानं तुझ्याकडे यायला निमित्त धरलं होतं. एवढं तुला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि सांगणारं माणूस मीच, आणि मला कळलं तेव्हा तू ऐकायला नव्हतास.

त्या दुपारी तो जेवला. फार नाही, पण दोन घासांहून जास्त. मी मुद्दाम ताटाकडे बघत बसले आणि वहिनीनं मला डोळ्यांनी दटावलं.

रविवारी तो मुंबईला निघाला. आम्ही दोघी त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. वहिनीला यातलं अजून सगळं सांगितलेलं नाही. गाडी घाटाकडून येताना दिसली तसं तिनं त्याचा हात धरला आणि विचारलं, "आता येशील कशाला रे? आनायचं तर काय ऱ्हायलं नाय."

तो पायरीवर चढला होता. तिथूनच म्हणाला, "नुसता येईन."